वाचकांचे प्रश्न : जुन्या गोव्याची व्हाइसरॉय कमान

प्रश्न : दिवाडी बेटावरून फेरीबोटीने जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरले, की रस्त्यावरच एक दगडी कमान लागते. तिला तट नाही आणि दरवाजेही नाहीत. ही शहराची वेस होती काय? तिच्या कोनाड्यात पुरुषाला पायाखाली घेऊन उभी असलेली स्त्री कोण? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : वेस होतीच, परंतु तिचे खरे काम मानाच्या प्रवेशाचे होते. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय मांडवीतून येऊन याच धक्क्यावर उतरे, कमानीखाली त्याच्या हाती शहराच्या किल्ल्या दिल्या जात आणि मग तो मिरवणुकीने राजधानीत प्रवेश करी. आदिलशहाचा जो वाडा पुढे व्हाइसरॉयचा राजवाडा झाला, तो येथे शेजारीच होता. आता तो उरलेला नाही, म्हणूनच कमान आज इतकी एकाकी दिसते.

कमान उभारली ती व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा याने, १५९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. हा वास्को द गामाचा पणतू, आणि वास्को भारतात पोहोचला त्या घटनेला १५९८ साली शंभर वर्षे पूर्ण होत होती. पणजोबाचा पुतळा त्याने नदीकडील दर्शनी बाजूस, येणाऱ्याची नजर प्रथम जाईल अशा ठिकाणी बसवला. राज्याच्या प्रवेशद्वारावर स्वतःच्या घराण्याचे नाव कोरण्याचा हा प्रकार त्या काळीही अनेकांना खुपला असावा. कारण १६०० मध्ये तो कारकीर्द संपवून परतीला लागताच विरोधकांनी वास्कोचा पुतळा खाली पाडून त्याचे तुकडे केले. पुढे तो पुन्हा बसवण्यात आला.

आपण विचारलेली स्त्री कमानीच्या मागच्या, म्हणजे शहराकडील बाजूस आहे. ही संत कॅथरीन मानली जाते. अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला, तो दिवस या संताच्या सणाचा असल्याने तिला शहराची आश्रयदात्री मानण्यात आले. हाती तलवार आणि पायाखाली पराभूत राजा ही तिची ठेवण युरोपीय धर्मशिल्पात जुनीच आहे, पण तेथे तो राजा तिचा छळ करणारा रोमन सम्राट असतो. गोव्यात मात्र पायाखालचा माणूस म्हणजे जिंकलेला भारतीय, असाच अर्थ पाहणारे लावत आले आहेत; आणि हे शिल्प जेथे बसवले आहे ते पाहता, तो अर्थ बनवणाऱ्यांच्याही मनात नव्हता असे म्हणणे मला कठीण वाटते.

बांधकाम कोकणातल्या नेहमीच्या जांभ्याचे आहे. नदीकडील अंगाला मात्र हिरवट छटेच्या ग्रॅनाइटचे आच्छादन दिलेले आहे, म्हणजे जी बाजू पाहुण्याला दिसणार तिच्यावर खर्च अधिक. कमानीखालून जाताना आतल्या भिंतीवरील शिलालेखही पाहावा. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनच्या सत्तेतून मुक्त झाला आणि चौथा जॉन गादीवर आला, त्याचे ते स्मारक आहे.

एक सावधगिरी बाळगावी. पडझडीनंतर १९५४ मध्ये कमानीची पुनर्बांधणी झाली, त्यामुळे आजची तिची उंची आणि वरचा आकार सोळाव्या शतकातला जसाच्या तसा आहे असे समजू नये.