डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मोबाइलचा ४के व्हिडिओ अडखळत चालतो, रेंडर कॅशे (इफेक्ट लावलेल्या फ्रेम आधीच तयार करून साठवणं) चालू करूनही फरक नाही. काय करू?

आधी व्ह्यूअरच्या वर डावीकडे दिसणारा एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा, आकडा बघा. प्ले करताना ठिपका लाल होऊन आकडा २५ वरून १०-१२ वर येत असेल, तर मशीन मागे पडतंय. आता इफेक्ट नसलेली एखादी कोरी क्लिप चालवून बघा. तीही अडखळली तर दोष कॅशेचा नाही, फाइलचा आहे.

बरेच मोबाइल एच.२६५ या व्हिडिओ खूप दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये शूट करतात. त्यात बऱ्याच फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे एक फ्रेम दाखवायला आणखी काही फ्रेम उलगडाव्या लागतात. यावर खरा उपाय प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती त्याच क्लिपची हलकी प्रत. मीडिया पूलमध्ये (आणलेल्या क्लिप दिसतात तिथे) क्लिपवर राइट क्लिक करून 'जनरेट प्रॉक्सी मीडिया' निवडा. वेळ जाईल, जाऊ द्या. जागाही बरीच लागते. घाईत असाल तर प्लेबॅक मेनूतून टाइमलाइन प्रॉक्सी रिझोल्यूशन हाफ करून बघा.

कोरी क्लिप नीट चालते आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणारा इफेक्ट) लावल्यावरच अडकते? मग कॅशेकडे वळा. रेंडर कॅशे 'स्मार्ट' ठेवा आणि काही सेकंद हात लावू नका, कारण तुम्ही थांबल्यावरच ते काम सुरू होतं. टाइमलाइनवरची लाल रेघ निळी झाली की कॅशे तयार. नंतर ग्रेडला, म्हणजे क्लिपच्या रंगकामाला, जरा हात लावलात की ती पुन्हा लाल! म्हणून रंगकाम शेवटी करा.

कॅशेचा फोल्डर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये वर्किंग फोल्डर्सखाली सापडेल. तो एसएसडीवर हवा, जुन्या यूएसबी हार्ड डिस्कवर नको. डिस्क भरली असेल तर प्लेबॅक मेनूतून जुना कॅशे डिलीट करा. मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही.