'कन्व्हर्जन फेल्ड' आल्यावर विंडोज परत टाकावी का?

नाही. विंडोजला हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की एफएफएमपेगने (कमांड लिहून व्हिडिओ बदलायचं फुकट साधन) व्हिडिओ 720 रुंदीचा करायला गेलं की शेवटी 'कन्व्हर्जन फेल्ड' येतं, फाइल 0 केबीची पडते आणि ओळखीतल्या एका जाणकाराने विंडोज परत टाकायला सांगितलं. अहो, तुम्हीच चिकटवलेल्या मजकुरात थोडं वर कारण छापलंय: 'हाइट नॉट डिव्हिजिबल बाय 2', पुढे कंसात 720 बाय 405. स्केलमध्ये, म्हणजे माप बदलायच्या पर्यायात, 720:-1 लिहिलंत. -1 म्हणजे उंची प्रमाणात येईल ती, म्हणून 405 निघाली. नेहमीच्या 4:2:0 व्हिडिओत रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलच्या चौकोनामागे एकदाच साठवतात, त्यामुळे एक्स264 ला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरला, दोन्ही मापं सम लागतात. -1 च्या जागी -2 लिहा, मग उंची सम धरली जाते, काम होईल. त्याखाली बिटरेट वगैरे चुकला असेल असं सुचवणारी ओळ आहे, तिच्या नादी लागू नका. एन्कोडर कुठल्याही कारणाने उघडला नाही तरी ती येते.

या 'विंडोज मार' सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. मी तालुक्याच्या गावी एका लग्नाच्या स्टुडिओत एडिटिंगला होतो. एका हळदीला रेकॉर्डिंग चालू असतानाच कॅमेऱ्याची बॅटरी निघाली. फाइल कित्येक जीबीची, पण कशातच उघडेना. मालक म्हणाले, "करप्ट झाली. मशीन फॉरमॅट मार." मी म्हटलं, "भाऊ, एरर काय म्हणतोय ते तरी बघा." तर म्हणाले, "एरर वाचून पोट भरत नाही." मशीन फॉरमॅट झालं, सगळी सॉफ्टवेअरं परत टाकण्यात दिवस गेला, फाइल तशीच. मग त्यांनी नवरीच्या वडिलांना फोन करून हळदीचं शूटिंग गेलं म्हणून सांगूनही टाकलं.

आणि पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड'. एमपी4 मध्ये चित्र आणि आवाज आधी लिहिला जातो. कुठली फ्रेम कुठे आहे याचा तक्ता, म्हणजे मूव्ह, त्या कॅमेऱ्यात स्टॉप दाबल्यावर लिहिला जायचा. तो राहिला होता, म्हणजे पुस्तकाची पानं सगळी शाबूत, फक्त अनुक्रमणिका छापायची राहिलेली. मी अनट्रंक नावाचं फुकट मिळणारं साधन उतरवलं, त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड क्लिप नमुना म्हणून दिली आणि अडकलेली फाइल पुढे केली. शेवटचे काही सेकंद सोडले तर सगळं परत आलं. हळद लावताना आजीच्या हातून वाटी निसटते, पिवळं पाणी पाटावरून नवरीच्या पायांवर येतं आणि मांडव हसतो, तेसुद्धा.

मालक काय म्हणाले? "बघ, विंडोज नवी टाकली म्हणून चाललं." आजही तेच सांगतात. भाऊ, फॉरमॅटनंतरही ती फाइल उघडत नव्हती, तुमच्यासमोरच बघितलं होतं आपण. दोष फाइलमध्ये होता, विंडोजमध्ये नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगतो. एन्कोडरचं नाव बरोबर लिहूनही 'अननोन एन्कोडर' आला तर तुमच्या एफएफएमपेगच्या बिल्डमध्ये, म्हणजे उतरवलेल्या तयार प्रतीत, तो एन्कोडरच नाही, तिथे दुसरा बिल्ड घ्यावाच लागतो. एनव्हेन्कने (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डातला एन्कोडर) ड्रायव्हर जुना आहे अशी तक्रार केली तर ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाका. पण हेही एरर वाचूनच कळतं, आणि यातही विंडोज कुठे आली? अनट्रंकचंही तसंच: कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करून त्यावर नवीन शूटिंग केलं असेल तर उपयोग नाही. ओबीएसवर (कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअर) रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्ही या फाइल प्रकारातच करा, वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग बहुधा वाचतं. एमपी4 नंतर करता येतं.

-2 करूनही अडलं तर कमांडमध्ये -रिपोर्ट हा पर्याय इंग्रजी अक्षरांत जोडून चालवा. कमांड चालवली त्या फोल्डरमध्ये लॉगची, म्हणजे सगळ्या नोंदींची, फाइल तयार होईल. ती पहिल्या ओळीपासून पूर्ण चिकटवा, फक्त शेवटची ओळ नको. आणि त्या जाणकारालाही दाखवा.