तुझ्या यादीत कोण नाही?

प्रिय,

तुझ्या औषधचाचणीचा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, काल रात्री वाचून काढला. आकडेमोड चोख आहे, त्यात मी नाक खुपसत नाही. अडलो ते एका ओळीपाशी: ‘नोंदणी सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते एक, स्मार्टफोन आवश्यक.’ अगं, या वेळेला कोथरूडचे निवृत्त काकाच येणार. पर्वती पायथ्याची धुणंभांडी करणारी बाई कुठून येईल? हिंजवडीच्या साइटवरच्या बिगाऱ्याचा तर दिवसाचा रोज बुडतो.

आपल्या गावातलंच उदाहरण घे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तोच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हडकुळ्या माणसालाही इथे मधुमेह का गाठतो, याचा एक धागा त्या खेड्यांत सापडला. गोऱ्यांची कोष्टकं चाळून तो हाती लागला नसता.

आणि कोविडात घरोघरी बोटाला लावला तो ऑक्सिमीटर! रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्र ‘ठीक’ दाखवतं, असं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं, हे २०२० मध्ये छापून आलं. यंत्र तर कित्येक वर्षं वापरात होतं.

मीही शहाणा नव्हतो. पहिल्या अभ्यासात हिमोग्लोबिन दहाच्या खाली, म्हणजे रक्त कमी असलेल्या सगळ्या बायका मी वगळल्या. आकडे स्वच्छ आले. निष्कर्षात मात्र ऐटीत लिहिलं, ‘पुण्यातील महिला’. कुठल्या महिला, हे कुणी विचारलंही नाही.

तेव्हा रविवारी संध्याकाळी वस्तीत बस, आशाताईंना सोबत घे. रिक्षाभाडं आणि बुडालेला रोज बजेटमध्ये धर, एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घे. शोभेला दोन-चार जणी नकोत. त्यांचा वेगळा हिशोब मांडता येईल इतक्या हव्यात. त्याने खर्च वाढेल, गाइड कुरकुरतील. कुरकुरू देत.

संमतीपत्रकातलं ‘यादृच्छिक’ काढ, कुणाला कुठली गोळी ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, असं साधं लिही. ते आधी आमच्या मावशींना वाचून दाखवू. ‘म्हणजे कुठली गोळी मिळणार ते तुम्हालाही ठाऊक नाही?’ असं त्यांनी दरडावून विचारलं, की छापायला दे.