लेकराचा लुळा हात: ओढायचा नाही, पण नुसता सोडूनही द्यायचा नाही

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. लेकरू 24 दिवसांचं, जन्मताना वजन 4 किलोच्या वर, डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला आणि तेव्हापासून उजवा हात लुळा. बोटं मात्र हलतात. दवाखान्यात सांगितलं, 'होईल आपोआप.' आणि घरी आजीचं म्हणणं, न्हाऊ घालणारी बाई चोळून-ओढून हात बसवून देईल. मी बीड-लातूर भागात फिजिओथेरपी करते, अशी लेकरं नेहमी बघते. म्हणून आधी एवढंच सांगते: हात ओढणं आजच बंद करा.

हा हात 'उतरलेला' नाही, तेव्हा बसवायचं काही नाही. मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं बाळंतपणात ताणलं गेलंय. त्यातल्या वरच्या दोन नसांना मार बसला की खांदा आणि कोपर ढिले पडतात, हात आत वळून अंगालगत पडतो, बोटांची पकड मात्र राहते. कार्डावर 'अर्ब्ज पाल्सी' लिहिलं असेल तर ते हेच. आधीच ताणलेल्या नसेला पुन्हा हिसका द्यायचा नाही. आजींना दुखवू नका. तेल लावा, हलक्या हातानं अंग चोळा, हरकत नाही. फक्त त्या हाताची घडी घालणं, पायाला टेकवणं, खेचणं नको. त्या हाताला शेक तर अजिबात नको. कातडीला जाणीव कमी असू शकते, मग भाजलं तरी लेकरू रडणार नाही.

दुसरी गोष्ट 'आपोआप होईल' याबद्दल. बहुतेक लेकरांच्या नसा खरंच सुधारतात, पण नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे महिने जातात. तोवर सांधे थांबून राहत नाहीत. खांदा आत फिरवणारे स्नायू जोरात असतात, बाहेर फिरवणारे झोपलेले. ओढाताण एकतर्फी चालू राहिली की खांदा आखडतो, आणि काही लेकरांत पहिल्याच वर्षात खांद्याचा गोळा मागे सरकतो. नस जागी झाली तरी मग हात मोकळा फिरत नाही. म्हणून हाताला व्यायाम द्यायचा. तो नस वाढवण्यासाठी नाही, सांधा मोकळा ठेवण्यासाठी आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

सुरू करण्याआधी हासळीचं किंवा दंडाचं हाड मोडलेलं नाही ना, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. मग सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम असा: लेकराला उताणं झोपवा. दंड बरगडीला चिकटलेला, कोपर काटकोनात. तुमच्या एका हातानं कोपर तिथंच धरून ठेवा, दुसऱ्या हातानं मनगटाजवळ धरून पंजा पोटावरून बाहेरच्या बाजूला हळूहळू न्या. जिथं अडेल तिथं थांबा, थोडा वेळ धरा, परत आणा. कोपर अंगापासून सुटलं की खांदा फसवतो. व्यायाम झाल्यासारखा वाटतो, झालेला नसतो. दुसरा व्यायाम हात डोक्याकडे वर नेण्याचा, पण खांद्याच्या पात्यावर तळवा ठेवून, पातं सोबत पळू न देता. मग तळहात वर वळवणं, मनगट वर उचलणं. प्रत्येक वेळी लंगोट बदलताना पाच-सहा वेळा केलं की वेगळा वेळ काढावा लागत नाही. लेकरू कळवळून रडलं तर जोर जास्त झाला. पहिल्यांदा हे फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवा, व्हिडिओवरून शिकू नका.

झबलं समोरून उघडं घ्या. घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. काखेत धरून उचलू नका. झोळीत हात अंगाखाली दाबला जातो, तेव्हा जागेपणी तरी लेकरू सपाट गादीवर असू द्या, आणि थोडा थोडा वेळ डोळ्यांसमोर पोटावर ठेवा.

आता तारखेचं. 3 महिने पूर्ण होतील त्या दिवसावर कॅलेंडरात खूण करा. चांगला हात हलकेच धरून ठेवा, दुसऱ्या बाजूनं खुळखुळा दाखवा. कोपर स्वतःहून वाकवून हात तोंडाकडे येतो का बघा. येत नसेल तर नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवायलाच हवं, कारण त्या ऑपरेशनची वेळ पहिल्या काही महिन्यांतच असते. त्याच बाजूची पापणी खाली आलेली, बाहुली लहान, किंवा पूर्ण पंजा लुळा असेल तर 3 महिने थांबायचंच नाही. श्वास जोरात चालत असेल तर लगेच दवाखाना.

जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं डीईआयसी, म्हणजे लहान लेकरांच्या लवकर तपासणी-उपचाराचं केंद्र असतं, तिथं उपचार मोफत आहेत. तुम्ही लिहिलंत की दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं आहे. माझ्याकडच्या बऱ्याच लेकरांचा उपचार नेमका तिथंच तुटतो. कोपीवर, म्हणजे तोडीच्या तळावरच्या झोपडीत गेल्यावर व्यायाम बंद, आणि परत येतात तेव्हा खांदा आखडलेला. जमलं तर आई-लेकरू गावातच राहू द्या. जाणं भागच असेल तर सगळे कागद सोबत न्या, कारखान्याच्या जवळचा फिजिओथेरपिस्ट आधी शोधून ठेवा, आणि व्यायाम करणारं माणूस एकच नको, दोघं तरी शिका.

आणि ग्रहणात हिनं भाजी चिरली म्हणून असं झालं, असं कुणी वहिनींना म्हणत असेल तर तुम्ही तिथंच थांबवा. त्यांचा काही दोष नाही. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी मात्र हा सगळा प्रकार डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा आणि गरोदरपणात साखर वेळेवर तपासून घ्या.