सायलोसायबिनच्या (काही अळंब्यांमध्ये सापडणारं, भास घडवणारं द्रव्य) उपचारात थेरपिस्ट कशाला लागतो? नुसती गोळी घेऊन नैराश्य जात नाही का?

नाही, नुसत्या गोळीच्या भरवशावर राहू नका. मोठ्या चाचण्यांत तपासलं गेलं ते गोळी आणि थेरपिस्टचा आधार, दोन्ही मिळून. 2022 साली प्रसिद्ध झालेला 233 रुग्णांचा अभ्यास मी वाचला आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या या लोकांना एकदाच 25, 10 किंवा 1 मिलिग्रॅम सायलोसायबिन दिलं. आधी तयारीच्या भेटी, गोळीच्या दिवशी सहा-आठ तास थेरपिस्ट शेजारी, नंतर अनुभवाचा अर्थ लावायला पुन्हा भेटी. तीन आठवड्यांनी 25 मिलिग्रॅमवाल्यांची लक्षणं 1 मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी होती, पण बाराव्या आठवड्यापर्यंत फायदा टिकला तो थोड्यांचाच. गोळीचा अंमल असताना रडू कोसळतं, भीती दाटते, वेळेचं भान सुटतं. तेव्हा माणूस एकटा असणं खरोखर धोक्याचं. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर अशा व्यक्तीला चाचणीत सहसा घेतच नाहीत. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून खास परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ हे देऊ शकतात. भारतात मात्र 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली सायलोसायबिन जवळ बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे ऑनलाइन काही मागवून घरी प्रयोग कृपया करू नका.