प्रश्न तुमचे: ऑर्केस्ट्रा बार, परवाना आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रिया

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोर एक ऑर्केस्ट्रा बार आहे आणि जवळच शाळा आहे. डान्स बारवर बंदी असताना असे बार कसे चालतात? रहिवाशांनी तक्रार कोणत्या मुद्द्यावर करावी?
– एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : डान्स बारवर सरसकट बंदी आज नाही; आणि ऑर्केस्ट्रा बारचा परवाना गाण्या-वाजवण्यासाठी असतो, नाचासाठी नाही. राज्य सरकारने 2005 मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बार बंद केले; मात्र तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेलांना त्यातून सूट दिली. श्रीमंतांसमोरचा नाच चालतो आणि साध्या बारमधला चालत नाही, हा भेदभाव 2006 मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. दरम्यान हजारो स्त्रियांचा रोजगार गेला होता आणि त्यांच्या पुनर्वसनाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर 2016 मध्ये राज्याने अश्लील नृत्याला मनाई करणारा आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण करण्यासाठीचा स्वतंत्र कायदा केला. 17 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील शाळा व प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट रद्द केली, कारण दाट वस्तीच्या शहरात ती पाळणे अशक्यच होते. त्यामुळे केवळ शाळा जवळ आहे, एवढ्यावर आपली तक्रार टिकणार नाही. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही नाचाची वेळ मात्र कायम राहिली, नोटा उडवण्यावरील मनाईही राहिली. बक्षीस हातात देता येते. परदेशातील स्ट्रिप क्लबसारख्या नग्न नृत्याला आपल्याकडे परवाना मिळत नाही.

ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर स्टेजवर नाच होत असेल, वेळ पाळली जात नसेल किंवा रात्री दहानंतर आवाजाचा त्रास होत असेल, तर तारीख आणि वेळ नोंदवून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या व पोच घ्या. परवान्याबाबतची तक्रार नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे करावी. एक विनंती आहे : बारमधून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांचे मोबाइलवर चित्रीकरण करून ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. आपली तक्रार परवानाधारकाविरुद्ध आहे, रात्री रिक्षाची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलीविरुद्ध नाही.

प्रश्न : मी बारमध्ये गाते. चार बायकांचा कोटा भरला, असे सांगून मालक मधूनच घरी बसवतो. गिऱ्हाइकाने हात धरला तरी गप्प राहायला सांगतात. छापा पडला की रात्री ठाण्यात नेतील, याचीही भीती वाटते.
– एक वाचक, वाशी

उत्तर : ताई, हे कारण कायद्यात बसत नाही. ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार स्त्रिया व चार पुरुष अशी लिंगनिहाय मर्यादा घालणारी अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, पण ते आठही स्त्रिया असू शकतात.

हात धरणे हा ‘धंद्याचा भाग’ नाही. विनयभंगासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 मध्ये किमान एक वर्षाच्या कैदेची तरतूद आहे. बार हे आपले कामाचे ठिकाण असल्याने लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदाही तिथे लागू होतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. वाशी ठाणे जिल्ह्यात येते, म्हणून अर्ज ठाण्याच्या समितीकडे करावा; पनवेलच्या बारमध्ये काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना मात्र रायगडच्या समितीकडे जावे लागेल, जरी दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय एकच असले तरी.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन तशी अटक करायची असते. छाप्याच्या वेळी ही परवानगी दाखवा, असे शांतपणे म्हणा आणि घरच्या एका व्यक्तीला कळवा. पगाराची नोंद आजपासून वहीत लिहायला लागा, आणि शक्य असेल तर पैसे बँकेतच जमा करायला सांगा.