रिपोर्ट नॉर्मल, तरी छाती का धडधडते?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार असून माझे वय ४४ वर्षे आहे. ऑक्टोबर छाटणीपासून पहाटे तीन-साडेतीनला एकाएकी जाग येते, छातीत धडधडते, हातांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही आणि आता आपले काही खरे नाही, अशी भीती मनात भरते. दिवसा मान अवघडलेली असते, लहानसहान गोष्टींवरून मुलांवर ओरडतो आणि आभाळ भरून आले की शौचाला धावावे लागते. नाशिकला जाऊन ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड आणि साखर तपासून घेतली. सर्व नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ घरचेही तेच म्हणतात. हा त्रास मी मनानेच उभा केला आहे का?

उत्तर : नाही, तुमचा त्रास पूर्णपणे खरा आहे. ‘काही नाही’ याचा अर्थ त्या तपासण्यांत हृदयाचा किंवा थायरॉईडचा दोष आढळला नाही, एवढाच होतो. तुम्हाला काही होत नाही, असा होत नाही. हा फरक रुग्णाला समजावून सांगण्याइतका वेळ आम्ही डॉक्टर अनेकदा देत नाही, याचे मला वाईट वाटते.

तुमच्या भागात उसाच्या फडातून बिबट्या समोर आला, तर शरीर काय करील? मेंदूकडून धोक्याचा इशारा मिळताच मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात, हृदय वेगाने धावते, स्नायू ताठरतात, जठराचे काम मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते. बिबट्या निघून गेला की हे सारे थोड्या वेळात शमते. बागेवरचे ढग, औषध दुकानाची उधारी आणि सोसायटीचे कर्ज मात्र निघून जात नाहीत. त्यामुळे पळण्यासाठी तयार झालेले शरीर न पळता महिनोन्महिने तसेच ताठरलेले राहते. तुमची अवघडलेली मान, आभाळ पाहून पोटात येणारी कळ आणि मुलांवर निघणारा राग यांचे मूळ या एकाच तयारीत असावे, असे मला वाटते.

मुंग्यांचे कारण थोडे वेगळे आहे. घाबरल्यावर आपण नकळत भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. हवा पुरेशी आत जात असूनही श्वास अपुरा वाटतो, म्हणून माणूस आणखी जोराने श्वास घेतो आणि त्रास वाढतच जातो. अशा वेळी उठून बसावे, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावावा. भीतीची अशी लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठते आणि मग ओसरू लागते. पहाटेच्या सुमारास कॉर्टिसॉल नैसर्गिकपणेच वाढू लागते. आधीच ताणलेल्या माणसाला त्या वेळी जाग येणे नवलाचे नाही.

एक गोष्ट मात्र कधीही अंगावर काढू नका. चालताना किंवा काम करताना छाती आवळल्यासारखी वाटली, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, तर जुना नॉर्मल रिपोर्ट हातात धरून बसू नका. १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा.

संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. झोपेसाठी दारू किंवा दुकानातून आणलेली गोळी घेऊ नका, कारण दोन्हींची सवय लागते आणि मूळची चिंता तशीच राहते. पण त्रास इतके दिवस टिकला असताना एवढ्यावर भागवावे, असे मी म्हणणार नाही. तुम्ही मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. चिंतेच्या आजारावर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो आणि गरज पडल्यास औषधेही असतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ती सोडून देऊ नयेत. नाशिकला येणे लगेच जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून विनामूल्य बोलता येते.

भेटीला जाण्यापूर्वी आठवडाभर रोज दोन ओळी लिहून ठेवा : त्रास किती वाजता झाला, किती वेळ टिकला आणि त्याआधी काय घडले होते. शक्य असल्यास पत्नीलाही बरोबर न्या. तुमची झोप आणि तुमची चिडचिड याबद्दल त्या तुमच्यापेक्षा अधिक नेमके सांगू शकतील.